दिवेलागणीनंतरची बाग

शहरात नोकरी करणाऱ्या माणसाची आणि त्याच्या कुंड्यांची दिवसाउजेडी गाठ पडते कुठे? सकाळी डबे भरायची घाई, त्यातच कुंड्यांना तांब्या-तांब्या पाणी. संध्याकाळी सात-साडेसातला कुलूप उघडून घरात शिरावं, तर जास्वंद मिटलेली आणि गुलाब अंधारात बुडालेला. रविवार सोडला तर आपली बाग आपल्याला दिसतच नाही. तरीही नर्सरीत आपण जातो ते भर उन्हात आणि झाड निवडतो ते डोळ्यांनी. आपण घरी असू त्या वेळी हे झाड आपल्याला काय देणार, हा प्रश्न पैसे मोजताना कुणाच्या मनात येत नाही.

हे पुस्तक त्या उरलेल्या वेळेसाठी आहे. सूर्य मावळल्यापासून पहाटेपर्यंत ज्यांच्या फुलांचा कारभार चालतो अशी झाडं अंगणात, गच्चीवर आणि मुख्यतः फ्लॅटच्या बाल्कनीत कशी वाढवावीत, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. इथे मला त्यामागचा विचार मांडायचा आहे, कारण तो पटला नाही तर खतांच्या मात्रा आणि छाटणीच्या तारखा पाठ करून काही साधत नाही. रंगाची बाग जागा पाहून लावतात. वासाची बाग वेळ आणि वारा पाहून लावावी लागते. रातराणी लावली पण वासच येत नाही, मोगरा आहे पण फुलतच नाही, अशा ज्या तक्रारी मी वर्षानुवर्षं ऐकत आले, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ याच दोन गोष्टींत निघतं.

आधी वेळेचं बघू. रात्रीचं फूल वास सोडतं ते आपल्यासाठी नव्हे, निशाचर पतंगांसाठी. अंधारात लाल-जांभळ्या रंगाचा उपयोग नाही, म्हणून या मंडळींत पांढरा, फिका पिवळा, हिरवट पांढरा हेच रंग जास्त. पतंगाची सोंड लांब, म्हणून फुलाची नळीही बहुधा लांब. ही जोडी किती घट्ट असते याचं प्रसिद्ध उदाहरण मादागास्करमधल्या एका पांढऱ्या ऑर्किडचं. त्याच्या मधाची नळी जवळजवळ फूटभर. १८६२ साली चार्ल्स डार्विनने लिहून ठेवलं, की तेवढ्या सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. तेव्हा तो कुणी पाहिला नव्हता. १९०३ साली, म्हणजे डार्विन जाऊन वीस वर्षं उलटल्यावर, तसा पतंग शास्त्रज्ञांनी नोंदवला.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. मधुमालतीची वेल आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या सोसायटीच्या फाटकावर असते. तिचा एक घोस हातात धरून बघा. त्यात पांढरी, गुलाबी आणि लाल अशी तिन्ही फुलं एकत्र लोंबत असतात. ही वेगवेगळ्या जातीची नाहीत. एकाच फुलाच्या या तीन तारखा आहेत. संध्याकाळी उमलतं तेव्हा ते पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि तिसऱ्या दिवशी लाल. पहिली रात्र पतंगांची. मग रंग चढला की दिवसाच्या मधमाश्या, फुलपाखरं आणि शिंजीर. पावसाळ्यात दिवे लागायच्या सुमाराला वेलीसमोर पाचदहा मिनिटं उभं राहावं. भुरकट, बोटाएवढा जाड एक पतंग येतो. हा हॉकमॉथ. तो फुलावर बसत नाही. हवेत एका जागी तरंगत राहतो, पंख इतके जलद हलतात की नुसती धूसर वलयं दिसतात, आणि तेवढ्यात गुंडाळलेली सोंड उलगडून नळीत जाते. एका फुलावर जेमतेम क्षणभर. पुढचं फूल, त्याच्या पुढचं, आणि पतंग नाहीसा. हे ज्याने एकदा पाहिलं त्याला संध्याकाळच्या वासाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. याच कुळातल्या एका पतंगाची, हिरव्या अंगाची आणि शेपटीवर शिंगासारखा काटा असलेली जाड अळी तगरीवर किंवा कण्हेरीवर दिसली, तर औषध मारू नका. चार पानं जातील, पण रात्रीचा पाहुणा तिच्यातूनच यायचा आहे.

ही वेळ झाडात किती खोल मुरलेली असते! रातराणी संध्याकाळ झाली, उजेड गेला म्हणून वास सोडते असं आपल्याला वाटतं. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की फूल उमलण्याची आणि गंधाची तिची लय आतूनच चालते. बाहेरचा दिवस-रात्र तिला फक्त वेळ जुळवून देतो. हेच मोगऱ्यात कुणालाही पाहता येतं. पालघर जिल्ह्यात जव्हार-विक्रमगडकडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावला आहे. त्यांच्या कळ्या सकाळीच खुडून दादरच्या फूलबाजाराकडे निघतात. कळी घट्ट, पांढरी, वास जवळजवळ नाही. ती झाडापासून तुटली, टोपलीत गेली, लोकलमधून आली, गजऱ्यात ओवली गेली. एवढं होऊनही संध्याकाळी केसांत ती आपल्या वेळेलाच उमलते. जाई आणि गुलछडीचंही असंच. खुडल्यावरही तासन्‌तास त्या नवा गंध तयार करत राहतात. फ्रान्समधल्या ग्रास गावचे अत्तरवाले पूर्वी ही फुलं चरबीच्या थरावर पसरून ठेवत ते याचसाठी. उष्णतेने एकदाच अर्क काढला तर पुढच्या तासांचा गंध वाया गेला असता.

आपल्या भागात या फुलांकडे कुतूहलाने पाहून लिहून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने औषधी वनस्पतींवरचा आपला संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. त्यात पारिजातकावर एक स्वतंत्र संवाद आहे. तिथे त्याने इथल्या लोकांकडून ऐकलेली कथा दिली आहे. एका सरदाराची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली, सूर्याने तिला टाकलं, तिने जीव दिला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून त्याची फुलं सूर्याचं तोंड पाहत नाहीत. युरोपात हे झाड ‘दुःखी वृक्ष’ म्हणून पोहोचलं आणि लिनिअसने १७५३ साली शास्त्रीय नाव देताना तेच कायम ठेवलं. आपल्या घरांत सांगतात ती गोष्ट सत्यभामेची: झाड तिच्या अंगणात, फुलं रुक्मिणीच्या. मला या दोन्ही कथांत बागकाम करणाऱ्या माणसाची नजर दिसते. पहिलीत फुलं उजाडायच्या आत गळतात हे टिपलं आहे, दुसरीत ती झाडाखालीच पडतील असं नाही हे. म्हणून पारिजातक लावताना वर काय आहे यापेक्षा खाली काय आहे ते बघावं. फरशी असेल तर रोज पहाटे देठांचे केशरी डाग पडतील. सारवलेलं अंगण असेल, हिरवळ असेल, तर मात्र सकाळी परडी घेऊन बसावं. शेजारच्या भिंतीला खेटून लावलं तर रुक्मिणीचा शेजार आहेच.

पारिजातक मूळचा आपल्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवरचा. त्याला जमीन मिळाली तर उत्तम. नाहीतर मोठा ड्रम, तळाला भरपूर भोकं आणि विटांचे तुकडे. पाण्याचा लाड त्याला सोसत नाही. पाऊस ओसरू लागला की तो भरात येतो, आणि आश्विनात एखाद्या सकाळी खाली पाय ठेवायला जागा उरत नाही.

आता हातात कुंडी घेण्याआधीचा एक सल्ला, जो या पुस्तकात सगळीकडे पुन्हा पुन्हा भेटेल. एका वेळी एकच वास. उत्साहाच्या भरात लोक रातराणी, मोगरा, गुलछडी, अनंत हे सगळं एका सहा फुटी बाल्कनीत मांडतात. चारही एकदम फुलले की कोणताच वास धड लागत नाही आणि नाक थकतं. याऐवजी वर्ष वाटून घ्यावं. फाल्गुनापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत मोगरा. पावसाच्या तोंडावर अनंत, मग ब्रह्मकमळ. श्रावण-भाद्रपदात जाई आणि सोनटक्का. गोव्यात याच दिवसांत जायो फुलतात आणि म्हार्दोळला महालसेच्या देवळात जायांची पूजा बांधतात, तेव्हा सगळा चौक त्या वासाने भरलेला असतो. त्यानंतर पारिजातक आणि गुलछडी. थंडीला कुंद आहे. रातराणी मध्ये मध्ये येऊन जातेच. आश्विन-कार्तिकातला वास घरी लावायची गरज नाही, तो रस्ता पुरवतो. पुण्यात बुचाची उंच झाडं रात्रभर फुलं सांडतात, लांब देठांची. त्यांची दोऱ्याशिवाय वेणी गुंफायला आजीकडून शिकलेल्या मुली अजून सापडतात. बुचाचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात, म्हणून ते घराला टेकून लावू नये. सातवीणही रस्त्यावरच बरी. तिचा वास दुरून गोड आणि खिडकीशी जड.

दुसरी गोष्ट उन्हाची. झाड रात्री फुलतं म्हणून त्याला सावली चालेल, ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिनेच सर्वांत जास्त कुंड्या वाया जातात. रात्री जो गंध उधळला जातो तो दिवसाच्या उन्हात कमावलेला असतो. मोगरा, रातराणी, गुलछडी, जाई यांना पाच-सहा तास थेट ऊन हवंच. उत्तरेच्या बाल्कनीत मोगरा हिरवागार दिसेल, वाढेल, आणि फुलणार नाही. तिथे ब्रह्मकमळ, सोनटक्का, फार तर कवठी चाफा.

मोगऱ्याबद्दल जरा जास्त लिहायला हवं, कारण आपल्या घरांत तो सर्वांत लाडका आणि सर्वांत जास्त गैरसमजलेला. तो नव्या फुटीच्या टोकाला फुलतो. जुन्या फांद्या तशाच ठेवून खत घालत राहिलं तर पानांचा पसारा होतो. डिसेंबरच्या अखेरीपासून त्याचं पाणी हळूहळू कमी करावं. शेतकरी याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होऊ लागली तरी घाबरू नये. मातीवरचा थर कोरडा आणि तळाशी किंचित ओल, एवढं पाहावं. जानेवारीच्या उत्तरार्धात फांद्या निम्म्यावर छाटाव्यात, वाळकी काडी मुळाशी कापावी, उरलेली जुनी पानं ओरबाडून काढावीत. कुंडीच्या कडेने चार बोटं माती उकरून तिथल्या गुंतलेल्या मुळ्या कापून टाकाव्यात आणि जागेवर कुजलेलं शेणखत, मूठभर नीमपेंड, थोडी लाकडाची राख घालावी. मग भरपूर पाणी. पंधरा-वीस दिवसांत प्रत्येक डोळ्यातून लालसर फूट निघते आणि तिच्या टोकाला तीन-तीन कळ्यांचे झुबके दिसू लागतात. एक बहर संपला की त्या फांदीचं टोक दोन पानं ठेवून खुडलं, तर मागून दुसरा येतो. कळी उमलण्याआधीच जांभळट होऊन गळत असेल आणि तिला बारीक भोक असेल, तर आत अळी आहे. अशा कळ्या रोज वेचून नष्ट कराव्यात. बाल्कनीपुरता तेवढा उपाय पुरतो.

रातराणीचं तंत्र वेगळं. ती मूळची वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतली, मिरची-वांग्याच्या कुळातली. दिवसा तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. फूल म्हणजे इंचभर लांब, हिरवट पांढरी नळी, टोकाला मिटलेली. अंधार पडला की टोकाच्या पाकळ्या चांदणीसारख्या उघडतात. ती सतत फुलत नाही. बहर येतो, आठ-दहा रात्री घर भरून टाकतो, ओसरतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा येतो. या ओसरलेल्या काळात लोक निराश होतात आणि युरिया टाकतात. नत्र जास्त झालं की रातराणी नुसती हातभर वाढते. करायचं एवढंच, की बहर ओसरला की फुललेल्या फांद्या तृतीयांशाने कापायच्या. नवी फूट, नवा बहर. कुंडी चौदा इंचांपेक्षा लहान नको, आणि झोपायच्या खिडकीला टेकून तर मुळीच नको. दहा-पंधरा फुटांवरून जी रातराणी स्वर्गीय वाटते तीच उशाशी आली की डोकं धरायला लावते. गच्चीचा दूरचा कोपरा, अंगणाचं फाटक, या तिच्या जागा.

गुलछडी, म्हणजे निशिगंध, मेक्सिकोतून आली आणि आज पुणे, सातारा, सांगली, अहिल्यानगर, नाशिकच्या शेतांत इतकी रुळली आहे की तिला परकी म्हणायला जीभ वळत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले रजनी’ आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘प्रज्वल’, ‘शृंगार’, ‘वैभव’ असे वाण दिले आहेत. घरासाठी माझं मत ठाम आहे: एकेरी पाकळ्यांची जात लावा. दुहेरी दिसायला भरदार आणि फुलदाणीत छान, पण वासात एकेरीची सर नाही. कंद एप्रिल-मे महिन्यात दोन-अडीच इंच खोल लावावेत, सुपारीपेक्षा मोठे निवडून. तीनेक महिन्यांत दांडा येतो, खालून वर एकेक जोडी उमलत जाते. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याला चिकटून आलेली पिल्लं पुढच्या वर्षी फुलतात. कुंडीत दोन-तीन वर्षांनी ही गर्दी इतकी होते की दांडेच येत नाहीत. तेव्हा सगळं उपसून, मोठे कंद वेगळे करून, ताज्या मातीत लावायचं.

अनंताला एक दुखणं हमखास होतं: पान पिवळं आणि शिरा हिरव्या. बोअरवेलच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि त्यातलं लोह त्याला घेता येत नाही. लोहाचं चिलेट महिन्यातून एकदा आणि जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी. सोनटक्क्याचं उलट आहे. त्याला फक्त पाणी हवं, अर्धी सावली हवी, आणि आल्यासारखा गड्डा कुंडीत आडवा पुरला की झालं. देशावर थंडीत तो वाळून गेल्यासारखा दिसतो. कुंडी टाकून देऊ नये.

ब्रह्मकमळाची गोष्ट थोडी तपशिलात सांगते. हिमालयात उंचावर उगवणारं, उत्तराखंडचं राज्यपुष्प असलेलं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या कुंडीतलं हे मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर वाढणारं निवडुंग आहे, आणि ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड. म्हणून तर ते ‘पान’ कापून, काप तीन-चार दिवस सावलीत सुकवून, भुसभुशीत मातीत खोचलं की लागतं. फुलायला दोन-तीन वर्षं घेतं. पावसाळ्यात त्या चपट्या खोडाच्या कडेवरच्या खाचेतून गुलाबी टोकाची कळी निघते. ती वाढत जाते तशी खाली लोंबते, आणि उमलायच्या आधी तिची मान वर वळू लागते. ज्या संध्याकाळी कळी फुगलेली आणि टोकाशी किंचित सैल दिसेल, ती रात्र तिची. आठच्या सुमाराला बाहेरच्या अरुंद पाकळ्या सुटतात. नऊनंतर टोकाशी रुपयाएवढं तोंड उघडतं आणि पहिला वास येतो. पुढच्या तास-दीड तासात पाकळी सरकताना डोळ्यांना दिसते. मध्येच आतल्या पुंकेसरांचा झुबका थरथरतो. मध्यरात्रीपर्यंत फूल तळहाताहून मोठं झालेलं असतं. उजाडताना ते मान टाकतं. महाराष्ट्रात या रात्री शेजाऱ्यांना बोलावतात, हळदकुंकू वाहतात, आरती करतात. एका झाडासाठी सोसायटीतली चार घरं रात्री अकराला एका बाल्कनीत जमतात, ही मला फार मोलाची प्रथा वाटते. फक्त मोठा दिवा लावू नये. समई पुरते.

दिव्याचा हा आग्रह उगाच नाही. स्वित्झर्लंडमधल्या कुरणांत रात्री दिवे लावून केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुलांवर येणाऱ्या निशाचर कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या. आपल्या बाल्कन्यांत तर समोरचा एलईडी खांब रात्रभर डोळ्यांत असतो. खांब आपल्या हातात नाही, पण स्वतःच्या बाल्कनीचा दिवा आहे. तो बंद ठेवावा आणि समोरून प्रकाश येत असेल तर कुंडी कठड्याच्या आड घ्यावी. धुराचंही असंच आहे. २०२४ साली अमेरिकेत एका रात्रफुलावर झालेल्या संशोधनात दिसलं, की वाहनांच्या धुरापासून हवेत तयार होणारे नायट्रेट रॅडिकल रात्री फुलाचा गंध वाटेतच मोडून टाकतात, आणि तशा बदललेल्या गंधाच्या फुलांवर हॉकमॉथच्या भेटी ७० टक्क्यांनी कमी होतात. हमरस्त्यावरच्या बाल्कनीत वास फिका का लागतो, याचं एक कारण हेही असू शकेल. अशा घरांनी कुंड्या रस्त्याच्या बाजूला न मांडता मागच्या, आतल्या चौकाकडच्या बाजूला मांडून बघाव्यात.

राहिला वारा. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे वाचून आपण मार्क मिळवले, बागेसाठी ते कधी वापरले नाहीत. किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्र चढत जाते तसा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. म्हणजे मुंबईत किंवा रत्नागिरीत पश्चिमेच्या, समुद्रदर्शनी बाल्कनीत हौसेने लावलेल्या रातराणीचा वास मध्यरात्री समुद्राला जातो. तीच कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवली तर मतलई वारा तो घरात आणून देईल. पुण्याकडे उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा बहुधा पश्चिमेचा, तेव्हा मोगरा पश्चिमेला. तुमच्या इमारतीत वारा कसा वळतो हे मात्र कुठलं पुस्तक सांगणार नाही. रात्री नवाच्या सुमाराला पंखे बंद करून बाल्कनीत उदबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते बघा. घरात येत असेल ती जागा कुंडीची. उंचीही बघायची: रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते आणि वास तिच्याबरोबर खालीच पसरून राहतो. म्हणून अंगणात ओट्यावर बसल्यावर जो मोगरा जाणवतो तो उभ्याने जाणवत नाही, आणि तळमजल्याचा पारिजातक चौथ्या मजल्यावर पोहोचत नाही.

काही भीतींचंही निरसन करायला हवं. रातराणीला साप येतात असं घरोघरी सांगतात. साप फुलाच्या वासाला भुलून येत नाही. दाट, न छाटलेल्या झुडपाखाली ओलावा, त्यात किडे, किड्यांना बेडूक, आणि उंदरांना आसरा, असं झालं तर साप कुठल्याही झुडपाखाली येईल. बुंधा मोकळा ठेवावा, पालापाचोळा काढावा. रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून खोलीत नकोत, हेही अवास्तव. एका कुंडीपेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त सोडतो. खरी काळजी दोन ठिकाणी घ्यायची. घरात कुणाला दमा किंवा अर्धशिशी असेल तर उग्र वासाने त्रास वाढू शकतो. तिथे रातराणी नको, जाई-जुईने सुरुवात करावी आणि कुंडी दूर ठेवावी. आणि विषाची. रातराणीची पांढरी फळं आणि पानं विषारी आहेत. रात्री दरवळणारा, घंटेसारख्या फुलांचा शोभेचा धोतरा तर सर्वांगाने. रांगतं मूल, मांजर, कुत्रा असलेल्या घरी धोतरा आणूच नये आणि रातराणीची फळं दिसताच खुडून टाकावीत.

पुस्तकाची प्रकरणं महिन्यांप्रमाणे लावली आहेत, त्यामुळे पहिल्या पानापासून वाचायची सक्ती नाही. जानेवारीत ते हाती आलं तर मोगऱ्याचं प्रकरण उघडा आणि कात्रीला धार लावा. एप्रिलमध्ये आलं तर गुलछडीचे कंद शोधा. पावसाच्या तोंडावर आलं तर विकत काहीच घेऊ नका. कुणाच्या कुंपणावर रातराणी किंवा जाई दिसली तर घरातल्या माणसांना विचारून पेन्सिलीच्या जाडीच्या तीन-चार काड्या मागून घ्या, खालची पानं काढा, प्रत्येकीचे दोन डोळे मातीत जातील इतक्या खोल खोचा आणि महिनाभर उपटून बघू नका.